मुरू द्यावे

पत्र आलं तेव्हा मी पाकीट उजेडाकडे धरून आत आणखी काही राहिलंय का ते पाहिलं. पत्र अभिनंदनाचं होतं. अभिनंदनाच्या पत्रामागून सहसा दुसरं एक पत्र येतं आणि त्यात खुलासा मागवलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

मी सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी केली. कुठली प्रयोगशाळा, कुठलं खातं, ते सांगत नाही. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या घरापासून ऑफिसच्या बसनं तासाभरावर होती, एवढं पुरे. त्यातली बावीस वर्षं चाचणी विभागात गेली. समोरच्यानं खरं म्हणून जे आणून दिलंय ते खोटं ठरतंय का हे पाहणं, हे आमचं काम. ही सवय संध्याकाळी खुर्चीवर ठेवून घरी येता येत नाही. मी दूधवाल्याचं दूध बोटावर घेऊन बघते. एका डॉक्टरनं लिहून दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरला विचारून घेते. नवरा म्हणतो, तुला बघायला आम्ही आलो होतो, पण प्रश्न तूच विचारत होतीस. तेही खरंच आहे.

पत्रात म्हटलं होतं की प्रयोगशाळेतले शोध कारखान्यापर्यंत पोचवणाऱ्या संशोधकांचा यंदा सन्मान करायचा आहे आणि माझ्या गंजलेपाची प्राथमिक निवड झाली आहे. पुढे दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, कारखान्यात तो लेप आमच्याच पद्धतीनं बनतो असा मालकाचा दाखला. दोन, कारखान्याच्या मालाचा ताजा चाचणी अहवाल.

गंजलेप तसा साधाच. हिरडा कुटून पाण्यात उकळायचा, गाळायचा, मग त्यात एक आम्ल आणि एक चिकट द्रव्य मिसळायचं. गंजलेल्या लोखंडावर तो फासला की लाल गंज काळा आणि घट्ट होतो आणि त्यावर थेट रंग देता येतो. घासून, खरवडून काढायची कटकट उरत नाही. हिरड्यानं लोखंड काळं पडतं हे जुन्या शाईवाल्यांना ठाऊकच होतं. मी ते प्रमाणात बसवलं, त्याला चार वर्षं लागली. मग अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यानं ती पद्धत घेतली. मालक उल्हासनगरचे, सिंधी. सगळे त्यांना शेठ म्हणायचे, मीही म्हणायचे.

पद्धत ताब्यात देताना शेठ म्हणाले होते, "मॅडम, हे इंग्लिश माझ्या माणसांना वाचून कोण दाखवणार? मराठीत लिहून द्या ना, एकदम सिंपल." मी एका बैठकीत एक पान लिहून दिलं. त्यात एकही अवघड शब्द येऊ दिला नाही. शेठनी ते प्लास्टिकमध्ये बंद करून भिंतीवर लावलं आणि मला फोटो पाठवला. तो फोटो मी बरेच दिवस मोबाइलमध्ये जपून ठेवला होता.

आणि हे आधीच सांगून टाकते, की मला तो सन्मान हवा होता. निवृत्तीला आठ महिने उरले होते. एकतीस वर्षांत माझं नाव कुठल्याही यादीत तिसरं, चौथं, नाहीतर 'आणि इतर' यात असायचं. या वेळी पत्रावर पहिलं नाव माझं होतं. दुसरं आमच्या साहेबांचं, म्हणजे विभागप्रमुखांचं. ते बघूनच मला शंका आली होती, पण शंका आली म्हणून आनंद कमी झाला असं नाही.

मी कामाला लागले. आमच्या फाइलीत जशी पद्धत होती तसा लेप प्रयोगशाळेत करून घेतला आणि कारखान्याचा एक सीलबंद डबा मागवला. दोन्ही लेप गंजलेल्या पत्र्यांना लावून, वरून रंग देऊन ते पत्रे मिठाच्या फवाऱ्याच्या पेटीत ठेवले. या पेटीत लोखंडाला महिनाभरातच कित्येक वर्षांचा अनुभव येतो. दहाव्या दिवशी आमच्या पत्र्यांवर फोड आले. कारखान्याच्या पत्र्यांवर विसाव्या दिवशीही काही नव्हतं. तिसाव्या दिवशीही नाही.

साहेब म्हणाले, "अहो, चांगलंच आहे की. लिहा उत्तम म्हणून."

मला ते चांगलं वाटेना. सरकारी फाइलीतून बाहेर पडलेली वस्तू बाहेर जाऊन सुधारली, असं मी तरी पाहिलं नव्हतं. ती पातळ होते, बिघडते, अर्धी होते. सुधारत नाही. याचा अर्थ शेठ बाहेरून काहीतरी भारी रसायन आणून त्यात घालत होते आणि डब्यावर आमच्या लेपाचं नाव छापत होते. किंवा लेपच दुसऱ्या कुणाचा होता. तसं असेल तर मी ज्या गोष्टीसाठी शाल अंगावर घेणार होते ती गोष्ट माझी नव्हती. मी त्या डब्यातल्या लेपात जे जे सापडणं शक्य होतं ते ते शोधलं. काहीच सापडलं नाही. काही न सापडणं याचा मला जास्त संशय येतो.

मी एक दिवस रजा टाकली आणि कुणालाही न कळवता निघाले. स्टेशनवरून दुपारच्या पाळीची माणसं घेऊन जाणाऱ्या शेअर रिक्षात बसले. माझ्या मांडीवरची फाइल बघून रिक्षावाल्यानं विचारलं, "इन्स्पेक्शनला का मॅडम?" शेजारच्या दोघांनी बोलणं थांबवलं आणि एकानं लगेच कुणाला तरी फोन लावला. मी नाही म्हटलं, पण माझा चेहराच तसा आहे.

शेठ दारातच भेटले. "अरे साईं, मॅडम! फोन तर करायचा. बसा, चहा मागवतो."

"चहा नंतर," मी म्हटलं. "आधी टाकी बघू."

"टाकी काय बघायची? सौ टका तुमचाच फॉर्म्युला. कागद लावलाय भिंतीला, बघा."

हिरडा उकळायची टाकी मागच्या शेडमध्ये होती. शेठ माझ्या पुढेपुढे चालत होते. वाटेत त्यांनी कुणाला तरी हातानं काहीतरी खूण केली. मागच्या अंगणात उन्हात पाच निळी पिंपं ओळीनं मांडलेली होती. प्रत्येकाच्या तोंडाला जुन्या साडीचं फडकं घट्ट बांधलेलं. एक बाई माझ्याकडे पाठ करून मधल्या पिंपाची गाठ सोडत होती. मला पाहिल्यावर तिनं गाठ पुन्हा बांधली आणि पिंपांसमोर उभी राहिली.

"यात काय आहे?" मी विचारलं. मनात म्हटलं, सापडलं.

"मुरतंय," बाई म्हणाल्या.

"काय मुरतंय?"

"काढा. तुमचाच."

कारखान्यात हिरड्याच्या गाळलेल्या पाण्याला सगळे काढा म्हणत होते हे मला तेव्हा कळलं. आणि त्या बाईंना सगळे काकी म्हणत होते. वास्तविक त्या माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असतील, पण मीही काकीच म्हणू लागले. बदलापूर गावातून रोज येणाऱ्या, ठेकेदारामार्फत लागलेल्या, सहा वर्षं टाकीवरच्या.

"किती वेळ झाला मुरायला ठेवून?"

"हे कालचं. हे सोमवारचं. ते टोकाचं आज काढायचं, आठ दिस झालं त्याला."

"आठ दिवस? कागदावर दोन तास लिहिलंय."

काकी शेठकडे बघू लागल्या, शेठ माझ्याकडे. मग काकी हळूच म्हणाल्या, "नाय लिवलंय."

मला राग आला. माझ्याच कागदावर काय आहे हे मला सांगत होत्या. मी तरातरा शेडमध्ये गेले, चष्मा लावला आणि भिंतीवरचा माझा कागद वाचला. माझंच गोल अक्षर. चौथी ओळ अशी होती: 'गाळलेले पाणी मुरू द्यावे. नंतर आम्ल घालावे.' दोन तास कुठेच नव्हते. मूळ इंग्रजी फाइलीत होते, माझ्या डोक्यात होते, इतके पक्के होते की कागदावर उतरवायचे राहिले.

काकी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "आदीच्या मानसानं पैल्यांदा तसाच गरम गरम घातला होता. मी वाचलं, मुरू द्यावे. मंग मुरू नको द्यायला? दोन तासांत काय मुरतं, मॅडम? लोनचं तरी मुरतं का?"

"मग आठ दिवस कुणी ठरवलं?"

"कोन ठरवनार? मुरलं का कळतं. या हंगामात आठ दिसांत कळतं." मग त्यांनी टोकाच्या पिंपाचं फडकं सोडून दाखवलं. वरचं पाणी चहाच्या रंगाचं, नितळ. त्यांनी पिंप हलू न देता वरचं पाणी मगानं अलगद काढलं आणि तळ दाखवला. तिथे मैदा कालवल्यासारखा पिवळट गाळ बसला होता. "ह्यो नाय घ्यायचा. ह्यो घेतला का फोड येतात."

मी तो गाळ बोटावर घेतला आणि बराच वेळ चोळत राहिले. हिरड्याच्या काढ्यातून हा गाळ सावकाश खाली बसतो हे मला पुस्तकातून माहीत होतं. दोन तासांत तो बसत नाही हेही माहीत असायला हवं होतं. आमच्या लेपात तो तसाच जात होता आणि नंतर रंगाखाली फुगत होता. चार वर्षं मी त्या फोडांचं कारण पत्र्यात शोधलं, रंगात शोधलं, हवेत शोधलं. ते काढून टाकण्याचा उपाय एका बाईनं माझ्या अर्धवट वाक्यातून शोधला होता, कारण मुरणं म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा नीट कळत होतं. मला तिथे उभ्या उभ्या लाज वाटली.

"चुकलं का माजं?" काकींनी विचारलं. "ठेकेदाराला नका सांगू. मी आजपासून दोन तास ठेवते."

"नका ठेवू," मी म्हटलं. "अजिबात नका ठेवू."

शेठनी मला गेटजवळ गाठलं. "मॅडम, रहने दो ना. दाखला मी देतो, आत्ताच सही करतो. तुमची पद्धत, तुमचं नाव, सब ठीक. हे मुरण्याचं कशाला काढता? कमिटी प्रश्न विचारील. आणि पलीकडच्या गल्लीतला उद्या चालू करील." शेठना माझी काळजी किती आणि पलीकडच्या गल्लीची किती, याचा हिशेब मी परतीच्या रिक्षात करत होते. दोन्ही असावी.

प्रयोगशाळेत मी काढा आठ दिवस झाकून ठेवला, गाळ सोडून दिला, पत्रे पुन्हा पेटीत घातले. फोड आले नाहीत. रात्री जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जन्मभर एका केमिकल कंपनीत शिफ्ट ऑफिसर होता, त्याला हसायला वेळ लागत नाही. म्हणाला, "म्हणजे दोन तास लिहायचे राहिले म्हणून तुला बक्षीस मिळतंय." मी ताट उचलून आत गेले.

सन्मानाच्या अर्जात 'शोधात सहभागी व्यक्ती' असा एक तक्ता होता. मी तिसऱ्या ओळीत काकींचं नाव लिहिलं. साहेबांनी अर्ज परत पाठवला. कर्मचारी क्रमांकाचा रकाना रिकामा आहे म्हणाले. मी म्हटलं, त्या सरकारी कर्मचारी नाहीत, क्रमांक कुठून येणार. साहेब शांत माणूस. त्यांनी माझं वाक्य खोडून स्वतःचं घातलं: 'प्रयोगशाळेने दिलेल्या लेखी सूचनेनुसार केलेल्या दीर्घ मुरवणीमुळे लेपाचा दर्जा उंचावला.' मी ते चार वेळा वाचलं. त्यात खोटं म्हणावं असं एक अक्षर नव्हतं. लेखी सूचना होती, मुरू द्यावे असंच म्हटलं होतं, दर्जाही उंचावला होता. खोट्याला मी घाबरत नाही, ते पकडता येतं. हे असलं खरं मात्र कुठून पकडावं ते मला समजेना.

मी हट्ट सोडला नाही. शेवटी साहेब म्हणाले, बाहेरच्या व्यक्तीचं नाव घालायचं तर तिचं सहीचं निवेदन जोडा, मी काय केलं आणि ते प्रयोगशाळेला वापरू द्यायला माझी हरकत नाही, असं. मी ते निवेदन मराठीत टाइप करून घेतलं. या वेळी आठ दिवस, गाळ, उन्हात ठेवणं, सगळं नीट घातलं. रविवारी बदलापूर गावात काकींच्या घरी गेले.

घर दोन खोल्यांचं, समोर शेणानं सारवलेली थोडी जागा आणि तिच्या पलीकडे लगेच सात मजल्यांची इमारत. काकींनी मला खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यावर बसल्या. पाणी दिलं, पोहे केले. मी निवेदन वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सही केली का काय होनार?"

"तुमचं नाव लागेल. सन्मान होईल तेव्हा तुमचंही नाव वाचतील."

"आनि काढा कसा करायचा ते या कागदात लिवलंय?"

"हो, सगळं."

"मंग तो कागद कोन वाचनार?"

"साहेब वाचतील, कमिटी वाचेल. शेठही वाचतील."

"मंग मी नाव घेऊन काय करू?"

मला वाटलं, त्यांना समजलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले. त्यांनी समोरच्या इमारतीकडे हात केला. "तिथं आमची भाताची दोन खाचरं होती. सासऱ्यांकडं एक मानूस आला, चांगला शिकलेला, तुमच्यासारका. पोहे खाल्ले, कागद वाचून दाकवला. सासऱ्यांनी अंगठा दिला. कागदावर सासऱ्यांचं नाव होतं, मोठ्या अक्षरात. सही केली का मंग ती वस्तू आपली नाय राहत, मॅडम."

"हे तसं नाही, काकी. हे उलट आहे. हे तुमचं आहे असंच तर लिहून घेतेय."

"मंग लिवायचं कशाला?"

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. त्या माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. सीलबंद डबा आला की मी त्याच्याकडे तशीच बघते. संशय घेणं हे माझं काम होतं, दुसऱ्यानं माझ्यावर घेतला तर कसं वाटतं ते मला ठाऊक नव्हतं. अपमान वाटला. मी चांगलं करायला गेले होते आणि मलाच चोर ठरवलं जात होतं. निवेदन घडी करून पर्समध्ये टाकलं आणि निघाले. त्या रिक्षापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "राग नका धरू." मी नाही धरला म्हटलं. धरला होता.

अर्ज साहेबांच्या वाक्यासह गेला. सही नाही म्हणून काकींचं नाव नाही. नियमाप्रमाणे माझी काही चूक नव्हती.

समारंभ छान झाला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतरच्या गोष्टी आठवून मला तो दिवस कडू होता असं सांगायचा मोह होतो. तसा तो नव्हता. मी नवी साडी नेसले होते, पहिल्या रांगेत बसले होते, माझं नाव पहिलं वाचलं गेलं. मानपत्रात 'मुरवणीची अभिनव पद्धत' असे शब्द होते. ते ऐकताना टाळ्या वाजत होत्या आणि मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. शाल खांद्यावर आली, फोटोवाला म्हणाला, "मॅडम, थोडं हसा," आणि मी हसले. शाल घेतल्याची पोच म्हणून तीन ठिकाणी सह्या केल्या.

नंतर साहेबांच्या सांगण्यावरून मी कारखान्यासाठी नवा कागद केला. 'काढा फडक्याने झाकून आठ दिवस मुरू द्यावा. तळाचा गाळ घेऊ नये.' आता वेळ होती, गाळ होता, काहीच राहिलं नव्हतं. माझ्या आधीच्या चुकीची मला एवढी धास्ती बसली होती की मी तो कागद नवऱ्याकडून दोनदा तपासून घेतला. शेठनी तो भिंतीवर लावला आणि पुन्हा फोटो पाठवला.

मे महिन्यात मी एका नमुन्यासाठी कारखान्यात फोन केला आणि काकींना फोन द्यायला सांगितलं. पलीकडे कुणीतरी भय्या होता. काकी टाकीवर नाहीत म्हणाला, पॅकिंगला आहेत, डब्यांवर लेबल चिकटवतात. मी शेठना विचारलं.

"पाटी लागली ना मॅडम, आता कोणीपण करतो," शेठ म्हणाले. "ठेकेदारानं जवान आदमी दिला. काकीला बसून काम दिलं, आराम दिला."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, काम काहीच नव्हतं. सहा वर्षं त्या टाकीवर त्यांच्यावाचून चालत नव्हतं, कारण मी एक ओळ अर्धवट लिहिली होती. मी ती पूर्ण केली आणि त्यांच्यावाचून चालू लागलं. त्यांची सही मिळाली नाही म्हणून काही अडलं नव्हतं. त्यांनी उंबऱ्यावर बसून मला जे सांगितलं होतं ते सगळं मी करून दाखवलं होतं, तेही अगदी प्रामाणिकपणे, शुद्धलेखनासकट. माझ्या आयुष्यात मी दूधवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. स्वतःवर घ्यायचा राहून गेला होता.

जुलैत शेठचा फोन आला, तोही घाबरलेला. माल परत येत होता. लेपावर फोड येत होते. कागदाप्रमाणे आठ दिवस बरोब्बर ठेवलं होतं, गाळ घेतला नव्हता, तरी. साहेबांनी मला बोलावून घेतलं. सन्मान मिळालेल्या शोधाबद्दल तक्रार आली तर काय होतं ते त्यांनी न बोलता सांगितलं. "पावसाळ्यासाठी वेगळा आकडा काढा आणि अहवाल द्या. तुमच्या निवृत्तीआधी व्हायला हवं." निवृत्तीला वीस दिवस होते.

मी शेठना सांगितलं, काकींना आजच्या आज टाकीवर आणा, मगच मी येते. गेले तेव्हा पिंपं अंगणातून पत्र्याखाली घेतली होती. काकी त्यांच्यामध्ये उभ्या होत्या, हाताला अजून लेबलांचा गोंद लागलेला. मी नमस्कार केला. मग म्हटलं, "तुमचं बरोबर होतं."

"ते जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "आठ दिस लिवलंत ना तुमी? पावसात आठ दिसांत काय मुरतं?"

"मग किती?"

त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. मी वही पर्समध्ये टाकली.

"पिशवीत टाकली तरी डोक्यात राहनारच ना," काकी म्हणाल्या आणि पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या.

त्यांनी पहिल्या पिंपाचं फडकं सोडलं, एक गोष्ट केली, मान हलवली आणि फडकं पुन्हा बांधलं. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्या पिंपाशी तीच गोष्ट करून त्या म्हणाल्या, "हे झालं." मी तीन पावलांवर उभी होते. तीन वेळा पाहिल्यावर मला कळलं की त्या काय बघतात आणि ते तसंच का असायला हवं. रसायनशास्त्र शिकलेल्या कुणालाही कळलं असतं. इतकं साधं होतं की एका ओळीत बसलं असतं, अकरावी-बारावीच्या मुलालाही करता आलं असतं, ऋतू कुठलाही असो. पुढच्या पाळीतल्या त्या जवान माणसालाही.

माझा चेहरा काकींनी वाचला. "कळलं?"

"कळलं."

त्यांनी फडक्याची गाठ मारली. ती नीट बसली आहे की नाही हे बघायला त्या गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिल्या. मी काय करणार हे त्यांना माहीत नव्हतं. खरं तर मलाही नव्हतं.

घरी येऊन मी नोकरीतला शेवटचा अहवाल लिहिला. 'मुरण्याचा कालावधी ऋतूनुसार बदलतो. निश्चित आकडा देता येत नाही. टाकीवर अनुभवी व्यक्ती कायम आवश्यक.' साहेबांनी मला बोलावून विचारलं, "अनुभवी व्यक्ती हे मोजायचं कशानं? काहीतरी खूण असेलच ना? तुम्ही तिथे जाऊन बघितलंत."

"बघितलं," मी म्हटलं. "मला कळलं नाही."

साहेबांनी अहवाल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. एकतीस वर्षांत माझ्या अहवालावर कुणी संशय घेतला नव्हता. त्यांनी घेतला, आणि तो योग्य होता. मग त्यांनी सही केली.

काकी अजून टाकीवर आहेत, असं शेठ दिवाळीच्या फोनवर म्हणाले. ती खूण काय होती ते मी अहवालात लिहिलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही आणि इथेही लिहिणार नाही.